वेतनाचा न्याय आणि चरितार्थाचा हिशेब

श्रमिकाला किती वेतन द्यावे हा प्रश्न मालकाच्या औदार्यावर वा बाजारातील मजुरांच्या गर्दीवर सोपवून मोकळे होता येत नाही, हे आपल्या राज्यघटनेने ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाचा उल्लेख करून मान्य केले. परंतु त्या तत्त्वाला जमाखर्चाचे रूप आले ते १९५७ साली, भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात. कमावत्या पुरुषाचा एक, पत्नीचा ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, असे तीन उपभोग-घटक धरून दर घटकामागे २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांना वर्षाकाठी ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेइतके घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा, असा तो तपशील होता. (पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या गृहिणीची भूक दोन दशांशाने कमी कशी भरली, हे ते हिशेबनीसच जाणोत!) मुलांची शाळा, दवादारू, सणवार, म्हातारपण व लग्नकार्य यांना मात्र या फर्दीत स्वतंत्र रकाना नव्हता, तो १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्याच्या निकालात जोडला आणि त्यापोटी किमान वेतनाचा २५ टक्के भाग धरावा असे ठरवले. तरीही ही पातळी किमान वेतनाचीच होय. न्याय्य वेतन तिच्या वर, आणि निर्वाह वेतन त्याहूनही वर. जो उद्योग ही पहिली पायरीही गाठू शकत नाही, त्याला चालण्याचा अधिकारच नाही, असे याच न्यायालयाने स्वच्छ शब्दांत बजावलेले आहे.