ठिपक्याचा माग

आमच्या घरी रविवारची पुरवणी वाचून झाली की रद्दीत जात नाही, गाडीखाली जाते. संपादकांनी राग मानू नये. तेलाचा ठिपका वाचायला वर्तमानपत्राच्या कागदासारखा दुसरा कागद नाही.

गाडी म्हणजे मारुती ८००, १९९८ सालची, बँकेच्या कर्मचारी कर्जातून घेतलेली. ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली डिसेंबर १९८३ मध्ये. मी बँकेत लागलो तोही साधारण त्याच सुमाराला. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे निवृत्ती तिने माझ्याआधी घेतली. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले. २०२३ मध्ये मी ते भरले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, एवढ्यात तर हिचं श्राद्ध होईल.” चिंचणीकडून येणारा खारा वारा पत्रा खातो तो निराळाच. तरीही सरावलीहून बोईसर स्टेशन, कधी पालघरचे सरकारी काम, एवढ्यासाठी मला ती पुरते.

गेल्या वर्षी मे महिन्यात अंगणातल्या फरशीवर काळा डाग दिसू लागला. इंजिनात तेल मावते जेमतेम तीन लिटर, त्यामुळे पंधरवड्याला डिपस्टिकवर बोटभर उतार पडला की काळजी वाटणारच. शिवाय शेजारी एक दिवस हसत म्हणाले, “कारखान्यांवर लिहिता, आणि पहिल्या पावसात तुमचं तेल आमच्या विहिरीकडे!” तारापूरच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्याला हे बोलणे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात आमची औद्योगिक वसाहत देशात पहिली आली होती. कशात, ते सांगायला नको.

गाडी एका गॅरेजात नेली. ठिपका इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली पडत होता. मालकाने खाली वाकून पाहिले आणि निकाल दिला : क्रँकचे मागचे ऑइल सील गेले. हे सील त्या जोडाच्या आत असते, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले. सील शंभर-दोनशेचे, मजुरी हजारांत. विशीतल्या एका पोराने दोन दिवस पाठीवर पडून ते काम केले. चौथ्या दिवशी ठिपका पुन्हा त्याच जागी.

मी तडक गॅरेजात गेलो आणि त्या पोराला मालकासमोर बोललो. “सील वाकडं बसवलंस. दोन दिवस काय करत होतास?” पोरगा म्हणाला, “काका, बरोबर बसवलंय.” मालक म्हणाला, “याच्या मजुरीतून कापतो.” मी नको म्हटले नाही.

पुढे कोणीतरी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. त्यांनी गाडीखाली पाहिलेच नाही. बॉनेट उघडून म्हणाले, “साहेब, तेल वरून खाली येतं. आपण खालून वर बघतो.” आधी डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून गार इंजिन त्यांनी डिझेलने धुतले, फडक्याने कोरडे केले. मग पिशवी काढून सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि इंजिन नुसते चालू ठेवले. रस्त्यावर नेले तर वारा तेल मागे पसरवतो आणि सगळेच ओले दिसते. तेवढ्या वेळात त्यांनी टॅपेट कव्हरवरची ब्रीदरची रबरी नळी काढून दाखवली. आत काळा गाळ बसला होता. “इंजिनाचा श्वास कोंडला की आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो. जिथं रबर म्हातारं, तिथनं ते येतं.”

वीसेक मिनिटांनी पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ उमटली. ती निघाली होती डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून. प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा हा भाग या इंजिनात हेडच्या टोकाला, अगदी गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. त्याची रबरी रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने लाकडासारखी कडक झाली होती. तिथून झिरपलेले तेल हेडच्या पाठीवरून उतरून गिअरबॉक्सला वळसा घालत खालच्या जोडावर येऊन ठिबकत होते. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीवर पोगराने खूण केली, कारण तो कणभर फिरला तरी टायमिंग बिघडते. मग तो उपसून नवी रिंग घातली आणि खुणेला खूण लावून बसवला. रिंगेचे पन्नास रुपयेही झाले नाहीत. सील मुळात बिघडलेच नव्हते, आणि नवे बसवले होते तेही बरोबर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९१ साली माझ्या शाखेत एका संध्याकाळी रोख नऊशे रुपयांनी कमी भरली. तूट कॅशियरच्या काउंटरवर दिसली, म्हणून तूट कॅशियरची. त्याने ते पैसे खिशातून भरले. तेव्हा नऊशे रुपये ही थोडी रक्कम नव्हती. तिसऱ्या दिवशी व्हाऊचर तपासताना सापडले : एकवीसशेचा चेक मी स्क्रोलमध्ये बाराशे असा उतरवला होता. त्याने पैसे चेक पाहून दिले आणि वही माझ्या स्क्रोलवरून जुळवली. फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटे पडलेत का ते आधी बघा, हे नव्या पोरांना मीच शिकवत असे. त्या संध्याकाळी मी भाग देऊन पाहिला नाही, काउंटरकडे पाहिले. पैसे परत केले तेव्हा तो “ठीक आहे साहेब” म्हणाला आणि पुढची नोटांची गड्डी मोजू लागला. माझ्या कादंबऱ्यांत पुष्कळ बँका आल्या, हा प्रसंग कधी आला नाही.

सकाळी पुन्हा त्या गॅरेजात गेलो. मालकाला म्हटले, “चूक त्याची नव्हती. कापलेले पैसे त्याला माझ्यासमोर द्या.” मालक मुकाट्याने गल्ल्याकडे वळला. निदान तुमचे होते, हे त्याला मी म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

पोरगा एका व्हॅनखाली होता. पैसे घ्यायला सरपटत बाहेर आला, नोटा न मोजता खिशात घातल्या. मी बोलायची तयारी करून गेलो होतो, पण त्यानेच आधी विचारले, “मग गळत कुठनं होतं, काका?”

“डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून.”

तो क्षणभर वर, छपराकडे बघत राहिला. बहुधा मनातल्या मनात तेलाची वाट उतरत होता. मग “हां,” म्हणाला आणि पुन्हा व्हॅनखाली गेला.