बैरूतच्या उन्हातलं पाणी

‘नॅनोकण आणि सूर्यप्रकाशानं पाणी शुद्ध’ अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्यांत बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. टोकियोत विद्यार्थी असताना अकिरा फुजिशिमांनी पाण्यात बुडवलेल्या त्याच्या स्फटिकावर प्रखर प्रकाश सोडला, तर पृष्ठभागावरून बुडबुडे उठू लागले. ऑक्सिजनचे! नुसत्या उजेडानं पाणी फुटत होतं. गुरू केनिची होंडांसह त्यांचा निबंध १९७२मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

प्रकाशानं इलेक्ट्रॉन उडाला की मागे उरलेली पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतो. जंतूचं आवरण असो की कीटकनाशकाचा रेणू, तो समोर येईल ते फोडतो. कण बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून नॅनो.

पण याला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. पूड ढवळली की पाणी ताकासारखं पांढुरकं होतं. एवढे बारीक कण परत काढायचे कसे? काचेवर थर दिला तर वेग घटतो. त्यात चाचणी पुष्कळदा ऊर्ध्वपातित पाण्यात निळा रंग घालून होते. विहिरीच्या पाण्यातले बायकार्बोनेट मात्र हे रॅडिकल आधीच गिळून टाकतात. बातमीत हे का येत नाही?

त्याहून खटकतं ते अफ्तिम आक्रा हे नाव कुठेच नसणं. हे बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले. लेबनॉनमध्ये यादवी पेटलेली. जुलाबानं सुकलेल्या मुलांना मीठ-साखरेचं पाणी द्यावं, तर ते पाणीच दूषित! आक्रा आणि सहकाऱ्यांनी ते द्रावण पारदर्शक भांड्यांत भरून सरळ उन्हात ठेवलं. जंतू मेले. १९८०मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं, १९८४मध्ये युनिसेफनं पुस्तिका काढली. ना पूड, ना पंप. १९९१पासून स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेनं ही पद्धत पुढे नेली: पेट प्लास्टिकची स्वच्छ बाटली, नितळ पाणी, सहा तास ऊन, आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस.

कीटकनाशकं आणि कापडाचे रंग मात्र अशा बाटलीला दाद देत नाहीत. नॅनोकणांची खरी गरज तिथे आहे. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर केंद्रात आरशांसमोरच्या काचेच्या नळ्यांतून कीटकनाशकं मिसळलेलं पाणी फिरवून टायटॅनियम डायऑक्साइडची परीक्षा घेतली गेली, तीही भर उन्हात, उघड्यावर.