फिटची गोळी : सांगायचे ते वेळेवर सांगा

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हातांना सकाळी उठल्या उठल्या झटके बसू लागतात. दात घासताना ब्रश उडतो, चहाचा कप निसटतो, आणि घरचे तिच्या धांदरटपणावर चिडतात. मग परीक्षेच्या दिवसांत जागरण होते आणि एका पहाटे पहिली मोठी फिट येते. अपस्माराचा हा प्रकार, ‘जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’, बहुधा वयात येतानाच डोके वर काढतो. त्यावर फार गुणकारी ठरलेले एक औषध म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट. औषधाच्या दुकानात ते एन्कोरेट, व्हालपारिन अशा नावांनी मिळते. घरात त्याला नुसतीच ‘फिटची गोळी’ म्हणतात. झटके थांबतात, मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागते, घराचा जीव भांड्यात पडतो. गोळी मात्र चालूच राहते, कारण ती बंद केली की या प्रकारात बहुतेकांना फिट पुन्हा येऊ लागते. म्हणजे शाळेत असताना सुरू झालेली गोळी लग्नाच्या वयातही चालू असते आणि गरोदरपणातही. आणि अपस्मारावरच्या नेहमीच्या वापरातल्या औषधांमध्ये गर्भाला सर्वाधिक धोका याच औषधाचा आहे. हे त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना कधी सांगायचे? माझे उत्तर असे की गोळी ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी.

व्हॅल्प्रोएट हे काही वाईट औषध नव्हे. व्हॅल्प्रोइक ॲसिड हे रसायन 1882 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण पुढची ऐंशी वर्षे त्याचा उपयोग फक्त इतर पदार्थ विरघळवण्यासाठी होत राहिला. 1962 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे पिएर एमार हे संशोधक काही नवी संयुगे त्यात विरघळवून तपासत होते. संयुग कोणतेही असो, आकडी थांबतेच, असे दिसल्यावर खरे काम त्या द्रावकाचे आहे हे उमगले. 1967 पासून ते फ्रान्समध्ये औषध म्हणून विकले जाऊ लागले. त्याचे इतर दुष्परिणाम डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत: वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे, प्लेटलेट कमी होणे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. यकृताला होणारी गंभीर इजा दुर्मीळ असली तरी दोन वर्षांखालच्या बालकांत, विशेषतः काही जन्मजात चयापचय दोष असलेल्यांत, तिचा धोका बराच वाढतो. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, कावीळ किंवा विलक्षण गुंगी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पण ही इजा गोळी घेणाऱ्याला होते, तिची लक्षणे दिसतात आणि वेळीच पावले उचलता येतात. गर्भाच्या बाबतीत तशी सवलत मिळत नाही.

गर्भाच्या धोक्याचा पुरावा जुना आहे आणि भक्कम आहे. 1982 मध्येच फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या नोंदींवरून दिसले होते की हे औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांत ‘स्पायना बायफिडा’, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष, जास्त आढळतो. पुढे ‘युरॅप’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीने 7,355 गर्भारपणांची माहिती तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या शंभर बाळांपैकी दहांहून थोड्या अधिक बाळांत मोठा जन्मदोष आढळला. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम या औषधांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आत होते, म्हणजे एरवी कोणत्याही गर्भारपणात असते जवळपास तेवढेच. यातला बारकावा मात्रेचा आहे. दिवसाला 650 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत दोषाचे प्रमाण सुमारे सहा टक्के, तर 1450 च्या वर घेणाऱ्यांत ते पंचवीस टक्के निघाले. दुसरी इजा डोळ्यांना दिसत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ‘नीड’ अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांची बुद्धिमत्ता मोजली, तेव्हा व्हॅल्प्रोएटच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक 97 आला आणि लॅमोट्रिजिनच्या गटाचा 108. बोलायला उशीर, लक्ष न लागणे, स्वमग्नता अशा वाढीच्या अडचणी या औषधाच्या संपर्कात आलेल्या शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांत दिसतात, असे युरोपीय औषध नियामक सांगतो. सोनोग्राफीत कणा दिसतो. या अडचणी दिसत नाहीत. त्या कळतात मूल बालवाडीत गेल्यावर.

आता वेळेचा हिशेब पाहू, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. पाळी चुकते तेव्हा त्यातले साधारण दोन आठवडे आधीच गेलेले असतात. काही दिवस ‘होईल पुढेमागे’ म्हणून जातात, मग घरी चाचणी, मग डॉक्टरांची वेळ. स्त्री दवाखान्याच्या बाकावर येऊन बसते तोवर कणा मिटलेला असतो, किंवा न मिटता राहिलेला असतो. शिवाय गोळी एका दिवसात बदलता येत नाही. लॅमोट्रिजिन अंगावर गंभीर पुरळ उठवू शकते, आणि सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा धोका वाढतो. म्हणून ते अगदी थोड्या मात्रेने सुरू करून कित्येक आठवड्यांत वाढवावे लागते. मग जुनी गोळी हळूहळू उतरवायची, आणि नव्या गोळीवर फिट आटोक्यात राहते का ते काही महिने पाहायचे. फॉलिक ॲसिडही गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायचे असते, आणि ते घेतले म्हणजे व्हॅल्प्रोएटचा धोका टळला असेही नाही. जी तयारी गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी संपायला हवी, तिची पहिली चर्चा गर्भधारणेनंतर करणे म्हणजे चर्चा न करण्यासारखेच आहे.

मग हे औषध सरळ बंदच का करू नये, असे कुणी विचारील. त्याला चोख उत्तर आहे. ब्रिटनमधल्या ‘सनाद-2’ चाचणीत 2021 मध्ये दिसले की संपूर्ण मेंदूत एकदम उसळणाऱ्या फिटच्या प्रकारांत व्हॅल्प्रोएट हे नव्या लेव्हेटिरासेटामपेक्षा सरस ठरते. पुरुषांना आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना त्याचा मोठा आधार आहे. काही तरुण स्त्रियाही अशा असतात की दुसऱ्या कोणत्याच गोळीने त्यांची फिट थांबत नाही. अनावर फिट गरोदरपणात आईच्या जिवावर उठते. पडणे, भाजणे, पाण्यात बुडणे, झोपेतच प्राण जाणे हे सगळे खरे धोके आहेत. अशा स्त्रीने सगळे समजून घेऊन, शक्य तितक्या कमी मात्रेत व्हॅल्प्रोएट चालू ठेवायचे ठरवले, तर तो निर्णय तिचा आहे आणि त्याचा मान राखायला हवा. नवे ते सगळे निर्धोक असेही नाही: टोपिरामेटने ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो आणि युरोपने 2023 मध्ये त्याच्यावरही निर्बंध आणले. व्हॅल्प्रोएट अर्धशिशीसाठी आणि मनोविकारांतही दिले जाते. अर्धशिशीला दुसरे पर्याय भरपूर असताना तरुण स्त्रीला हे औषध देणे मला समर्थनीय वाटत नाही.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि ती चांगल्या हेतूने घेतली जाते. धोका सांगितला तर बाई घाबरेल, गोळी परस्पर बंद करेल आणि फिट येऊन पडेल, असे अनेकांना वाटते. परस्पर बंद करण्याचे भय खोटे नाही. गोळी अचानक तोडली तर फिटमागून फिट अशी न थांबणारी अवस्था येऊ शकते. पण न सांगण्याचा प्रयोग एका देशाने करून पाहिला आहे. अपस्मारावरच्या औषधांमुळे जन्मदोष होऊ शकतात अशी शंका ब्रिटनच्या औषध समितीपुढे 1973 मध्येच आली होती. इशारा डॉक्टरांना द्यावा, पण गोळ्यांसोबतच्या चिठ्ठीत छापू नये, नाहीतर रुग्ण तो वाचून विनाकारण चिंता करतील, असे तेव्हा ठरले. पुढच्या दशकांत हजारो स्त्रिया काही ठाऊक नसताना व्हॅल्प्रोएट घेत राहिल्या. 2020 मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले आणि यंत्रणेने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले असा स्पष्ट ठपका ठेवला. फ्रान्समध्ये मारीन मार्टाँ या आईने 2011 मध्ये पीडित कुटुंबांची संघटना उभारली. तिथल्या सरकारी अंदाजानुसार 1967 ते 2016 या काळात 2,150 ते 4,100 मुले या औषधामुळे जन्मदोष घेऊन जन्मली. अर्धवट, अवेळी आणि ऐकीव माहितीने माणूस घाबरतो. ‘धोका आहे, पर्याय आहेत, वेळ आहे, मनाने गोळी सोडू नकोस’ ही चार वाक्ये एकत्र आणि वेळेत सांगितली तर घाबरण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, तो लग्नाचा. चौदा वर्षांच्या मुलीसमोर गर्भधारणेची गोष्ट काढायची कशी, असे डॉक्टरांनाही वाटते आणि आईलाही. आणि लग्न ठरवताना फिटची गोष्ट लपवली जाते. वास्तविक 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार ही लग्नाला अडथळा ठरणारी अट वगळण्यात आली. कायदा बदलून पाव शतक उलटले, घरे बदलली नाहीत. लपवण्याची किंमत सासरी मोजावी लागते. गोळी चोरून घ्यायची, पाहुणे असले की चुकवायची, बाळंतपणाच्या डॉक्टरांसमोर सासू बसलेली असताना विषयच काढायचा नाही. त्यातच दुकानदार दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते, आणि माहितीची चिठ्ठी तर बहुतेकींच्या हाती कधी येतच नाही. मासिक पाळीबद्दल जी आई मुलीशी बोलते, ती ‘ही गोळी चालू असताना मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना भेटायचे असते’ हे वाक्यही बोलू शकते. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

ब्रिटनने जानेवारी 2024 पासून नियम केला आहे की 55 वर्षांखालच्या कोणाही स्त्रीला किंवा पुरुषाला व्हॅल्प्रोएट नव्याने सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तशी गरज मान्य करायला हवी. पुरुषांचा समावेश खबरदारी म्हणून आहे. वडिलांच्या गोळीचा बाळावर परिणाम होतो का, याचा पुरावा अजून पक्का झालेला नाही. आपल्या गर्दीच्या ओपीडीत दोन तज्ज्ञ कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. पण चिठ्ठीवर एक ओळ लिहायला आणि दोन मिनिटे बोलायला दुसरा तज्ज्ञ लागत नाही. केरळात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने 1998 पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालवली आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. हे काम भारतात होऊ शकते, झालेले आहे.

तुमच्या घरात ही गोळी घेणारी मुलगी किंवा सून असेल, तर पट्टीवरचे बारीक अक्षरांतले औषधाचे मूळ नाव आजच वाचा. त्यात व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असे काही दिसले, तर पट्टी न फाडता घेऊन मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: हिला हीच गोळी का, बदलता येईल का, आणि बदलायला किती महिने लागतील. दिवस गेलेले असतील तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जा. आणि डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू देऊ नका.