शिकायला वयाची अट नाही. नोकरीला मात्र आहे!

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक बातमी हमखास असते : आई आणि मुलगा एकाच वेळी उत्तीर्ण. फोटोत पेढा भरवला जातो, आईच्या डोळ्यांत पाणी असते. बातमी खरी असते, पण ती पेढ्यापाशीच संपते. आईने फॉर्म कुठे भरला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेल्या शाळेचा दाखला कसा मिळवला आणि पुढे त्या गुणपत्रिकेचे तिने काय केले, हे क्वचितच छापून येते. हिंगोली जिल्ह्यातील साखरा (ता. सेनगाव) आणि आसपासच्या गावांत सातवी-आठवीत शाळा सुटून लग्न झालेल्या, आज चाळिशीत असलेल्या महिलांसाठी नेमके हेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गेला आणि परत वर्गात बसलाच नाही, अशा पुरुषांसाठीही.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे काय?

शाळेत न जाता दहावी-बारावीची परीक्षा देण्याची सोय राज्य मंडळाकडे पूर्वीपासून आहे. त्यासाठी खासगी विद्यार्थी म्हणून नावनोंदणी करावी लागते. हाच गावोगावी प्रसिद्ध असलेला ‘१७ नंबरचा फॉर्म’. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते. वयाची खालची मर्यादा आहे, वरची नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रे संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत द्यायची. हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. प्रश्नपत्रिका, उत्तीर्ण होण्याचे निकष आणि प्रमाणपत्राची किंमत नियमित विद्यार्थ्यांइतकीच. एखाद-दुसरा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते. वर्ष वाया गेले म्हणून पुस्तके रद्दीत घालण्याचे कारण नाही.

पाचवीही झालेली नसेल तर? महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातर्फे पाचवी आणि आठवीच्या परीक्षा देता येतात. पाचवीसाठी वय १० वर्षे पूर्ण, आठवीसाठी १३. येथेही वरची मर्यादा नाही. अक्षरओळखच नसलेल्या १५ वर्षांवरील सर्वांसाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. त्याची चाचणी १५० गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली.

खरा घोळ दाखल्याचा

अभ्यासाच्या आधी बहुतेकांची गाडी अडते ती कागदावर. पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. परीक्षेची कागदपत्रे दाखल्यातील नावाशी जुळावी लागतात. त्यामुळे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल जवळ असलेला बरा. हे आधीच करून ठेवले तर पुढे बँकेतही त्रास वाचतो. दाखला हरवला असेल तर मूळ शाळेतून दुय्यम प्रत मिळते. शाळा माहेरच्या गावी, म्हणजे एक दिवसाचा रोजगार आणि एसटीचे भाडे गेलेच.

दुसरी अडचण जन्मतारखेची, आणि ती थोडी गमतीचीही आहे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. जन्माची नोंद नसायची, गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकायचे. त्या एका अंदाजावर पुढचे आयुष्य मोजले जाते. दाखल्यावरची दोन वर्षे जास्त लागली असतील, तर एखाद्या पदासाठी ‘वय उलटले’ असा शेरा बसतो. खरे वय कोणालाच माहीत नसते, पण मर्यादा मात्र एका दिवसाचाही फरक सोडत नाही.

दहावी झाली, पुढे काय?

येथे स्पष्ट बोलायला हवे, कारण प्रेरणादायी बातम्या नेमक्या या वळणावर गप्प होतात. सरकारी नोकरीसाठी राज्यात खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण कमाल मर्यादा ३८ वर्षे आणि मागास प्रवर्गांची ४३ वर्षे आहे. गावातच मिळू शकणारी कामेही वयात बांधलेली आहेत. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या पदांसाठी २०२३ च्या शासन निर्णयाने बारावी उत्तीर्ण आणि १८ ते ३५ वर्षे अशी अट घातली. विधवांना ४० पर्यंत सवलत. पोलीस पाटलाला दहावी उत्तीर्ण आणि २५ ते ४५ वर्षे. आशा स्वयंसेविकेसाठीही २५ ते ४५ हीच चौकट.

म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी दहावी झालेल्या महिलेला पोलीस पाटील आणि आशा हे दोन दरवाजे अजून तीन वर्षे उघडे असतात, तेही गावात जागा निघाली तर. अंगणवाडीचा कधीच बंद झालेला असतो. ज्या पिढीला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, तिला परीक्षेची मुभा द्यायची आणि नोकरीच्या दारात तिचेच वय विचारायचे, हा विरोधाभास आहे. परित्यक्ता आणि विधवा महिलांसाठी तरी या मर्यादा आणखी सैल व्हायला हव्यात.

मग त्या प्रमाणपत्राचा उपयोग कुठे? जिथे वरचे वय विचारले जात नाही, तिथे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची अट फक्त १८ पूर्ण एवढीच आहे. उत्पादन उद्योगाचा प्रकल्प १० लाखांपेक्षा किंवा सेवा उद्योगाचा ५ लाखांपेक्षा मोठा असेल, तर अर्जदार किमान आठवी उत्तीर्ण लागतो. ग्रामीण भागातील महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के, अशी रचना आहे. हळदीच्या या जिल्ह्यात पॉलिश आणि पावडर करण्याचे युनिट घालायचे असेल, तर आठवीचे प्रमाणपत्र इथे थेट पैशात बदलते. (योजनांच्या मुदती बदलतात; अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करावी.) राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात मात्र सुरुवातीला पुन्हा ४५ वर्षांची रेघ होती, विशेष प्रवर्गांना ५ वर्षांची सूट.

सरपंचपदाचे उदाहरण उलटे आहे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच सातवी उत्तीर्ण ही अट लागू होते. चाळिशीतील उमेदवाराला कागदाची गरज नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त स्वतः वाचता आले तर बरे, एवढेच.

आधी कोणी केले आहे?

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० चा, माहेर देवरुखचे. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात मुलगा. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या थोरल्या बहीण. त्यांच्याकडे पुण्याला आल्यावर पार्वतीबाईंनी पंचविशी उलटून गेल्यावर शिक्षण सुरू केले आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही खंत होती. ती भरून काढायला १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून पोट भरले आणि १९२० मध्ये परतल्या. ही हकिकत त्यांनी ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

अलीकडचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील फांगणे (ता. मुरबाड) गावाचे. पोथी स्वतः वाचता यावी, ही तिथल्या आजीबाईंची इच्छा. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी त्यांची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीचा गणवेश घालून दुपारी वर्गात बसू लागल्या. वेळ दुपारची ठेवली, कारण तोवर घरचे काम उरकलेले असते. ही शाळा चालण्यामागे गणवेशापेक्षा या वेळापत्रकाचा वाटा मोठा असावा.

साखऱ्याच्या परिसरात अडचण वेळापत्रकाचीच येते. १७ नंबरचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात आणि सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली असते. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हळद काढून शिजवण्याच्या ऐन दिवसांत. त्यामुळे दाखला, आधार आणि फोटो हे काम उन्हाळ्यात, शेत रिकामे असतानाच उरकावे. मात्र सुटीत शाळेचे कार्यालय रोज उघडे असेलच असे नाही. मुख्याध्यापकांना आधी फोन करावा, म्हणजे माहेरची खेप वाया जात नाही.