हुरडा भाजतो तो निखारा

उघड्यावर अन्न भाजताना विस्तवाची उष्णता त्या अन्नापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वेगाने पोहोचू द्यायची हा खरा प्रश्न असतो, आणि धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरात, ज्वारीच्या रानातील आगटीभोवती, तो दर हिवाळ्यात अचूकपणे सोडवला जातो. पाश्चात्त्य देशांत घराच्या अंगणात कोळशावरील जाळीवर मांसाचा जो जाड तुकडा, म्हणजे स्टेक, भाजतात, त्याला लागू पडणारे पदार्थविज्ञानाचे नियम हुरड्याच्या, म्हणजे भाजून खायच्या कोवळ्या ज्वारीच्या, कणसालाही जसेच्या तसे लागू पडतात.

पेरणीनंतर साधारण तीन महिन्यांनी रब्बी ज्वारीचा दाणा चिकात येतो. नख रोवले की त्यातून पांढरा, दाटसर चीक बाहेर येतो. या अवस्थेत पानांकडून आलेल्या साखरेचे स्टार्चमध्ये, म्हणजे पिठूळ साठ्यामध्ये, रूपांतर चालू असले तरी ते पुरे झालेले नसते, म्हणून दाणा गोड आणि पाणीदार असतो. गुळभेंडी, सुरती यांसारखे गावरान वाण याच गुणासाठी राखले गेले आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हा वाण खास हुरड्यासाठीच विकसित केला.

आगटी म्हणजे जमिनीत केलेला उथळ खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवल्या जातात, पण ज्वाळ असेपर्यंत जाणता माणूस कणीस आत घालत नाही, आणि यामागे भक्कम कारण आहे. ज्वाळेतील तप्त वायू सतत हलत असल्याने कणसाला कुठे चटका बसतो, तर कुठे काजळी धरते. निखारा मात्र मुख्यतः अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताकिरणांच्या, रूपाने सर्व बाजूंना सारखी उष्णता देतो. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ७०० अंश सेल्सिअसचा लालभडक निखारा ४०० अंशांवरील राखेच्या पृष्ठभागाच्या चौपटीहून अधिक उष्णता फेकतो. गोवरीत राखेचे प्रमाण लाकडापेक्षा बरेच जास्त असते. ही राख निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते, हवेचा पुरवठा कमी करते आणि धग मंद व टिकाऊ ठेवते. कोवळ्या दाण्याला हवी असते ती हीच धग.

देठ बाहेर ठेवून कणसे या आरात, म्हणजे राखेखालच्या निखाऱ्यांत, खुपसली की दाण्यावरील बोंडे आधी करपतात आणि आतील पाण्याची वाफ होऊ लागते. पाणी शिल्लक असेपर्यंत दाण्याच्या गाभ्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि ज्वारीचा स्टार्च फुगून मऊ होण्यास सुमारे ७० ते ८० अंश पुरेसे असल्याने गाभा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. बाहेरची साल कोरडी पडून १४० अंशांच्या आसपास पोहोचली की साखर आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात मेयार अभिक्रिया वेग घेते. १९१२ मध्ये लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या या अभिक्रियेतूनच भाजल्याचा खमंग वास आणि तपकिरी रंग येतो. गरम कणीस तळहातांवर चोळल्यावर जो हिरवा, मऊ, टोकाशी किंचित तपकिरी दाणा हाती येतो, त्यात या दोन्ही क्रिया शेजारीशेजारी दिसतात. स्टेकही बाहेरून तपकिरी आणि आतून रसदार राहतो तो याच कारणाने.

फरक आहे तो चरबीचा. मांसातून ठिबकणारी चरबी निखाऱ्यावर जळते आणि तिच्या धुरातून बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगे पदार्थावर बसतात. कणसातून असे काही ठिबकत नाही. तरीही गोवरीचा धूर फुप्फुसांना अपायकारकच असतो, आणि ज्वाळ विझण्याची वाट पाहण्याचे हे दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण मानले पाहिजे.

हुरड्याचा काळ मात्र थोडा असतो. ताटावर राहिलेल्या कणसातील साखर थोड्याच दिवसांत स्टार्चमध्ये बदलते, दाणा पाणी गमावून टणक होतो, आणि मग ते कणीस आगटीत न जाता खळ्यावर जाते.