कर्नाळा अभयारण्यालगतचा शेतकरी आणि परवानगीचे नियम

पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २००३ मध्ये वाढविण्यात आले असून ते आता सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या सीमेलगत भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांचा या जंगलाशी नित्य संबंध येतो. तेव्हा कोणत्या कामास परवानगी लागते व कोणते काम सर्वथा वर्ज्य आहे, हे त्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

याविषयीचा मुख्य कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ होय. त्यान्वये महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास अथवा अभयारण्यात ज्याची स्थावर मालमत्ता आहे त्यास वेगळा परवाना लागत नाही. इतरांस मात्र अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन किंवा आतील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार, अशा कारणांसाठीच प्रवेश मिळू शकतो. हा परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा असतो. शस्त्र नेण्यास त्याची लेखी पूर्वपरवानगी लागते.

राबासाठी तोड. कोकणात राब भाजण्याकरिता ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडण्याची जुनी रीत आहे. अभयारण्यातून असा पालापाचोळा वा लाकूड आणणे हा गुन्हा आहे. वन्यजीवांच्या हिताकरिता आवश्यक असेल तरच तेथील तोडीस मंजुरी मिळते. खासगी गरज हे त्याचे कारण होऊ शकत नाही. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरील साग, खैर, ऐन, किंजळ यांसारखी झाडे तोडण्यासही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

वणवा. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने तेथे आग लावणे किंवा जळती सोडणे यास मनाई आहे. चैत्र-वैशाखात वाळलेले गवत ठिणगीनेही पेटते. म्हणून सीमेलगतच्या शेतात राब भाजण्याऐवजी कुजलेले शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे तयार करणे श्रेयस्कर ठरते. त्याने तोडही वाचते व आगीचे भयही टळते.

गुरे. राष्ट्रीय उद्यानात, उदाहरणार्थ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, चराईस पूर्ण बंदी आहे. अभयारण्यात ती नियंत्रित करण्याचा वा थांबविण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास आहे. सीमेपासून ५ किलोमीटरच्या आतील गुरांना सांसर्गिक रोगांची लस टोचण्याची तरतूद असून, लस न टोचलेले जनावर अभयारण्यात चारता येत नाही.

रानडुकरांचा उपद्रव. पिकाच्या रक्षणासाठी विजेची तार, फासे वा विष यांचा अवलंब करू नये. त्याने माणसे व गुरेही दगावतात. नुकसान होताच जवळच्या वन अधिकाऱ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईसाठी अर्ज करावा.

या अधिनियमाच्या सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यास्तव शंका असल्यास कोयता उचलण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात चौकशी करणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.