परिचर्या महाविद्यालयातील शैक्षणिक प्रगतीचे निकष आणि परिवीक्षा : अमेरिकेतील व्यवस्थेचे विवेचन

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, समाधानकारक शैक्षणिक प्रगती, परिवीक्षा, अपील, परवाना परीक्षा.

प्रस्तावना

परिचर्येचे म्हणजेच नर्सिंगचे शिक्षण इतर पदवी शिक्षणाहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. इतिहास वा वाणिज्य विषयात विद्यार्थी मागे पडला तर त्याचे नुकसान प्रामुख्याने त्याचे स्वतःचेच असते. परिचर्येच्या विद्यार्थ्याच्या अपुऱ्या तयारीची किंमत मात्र उद्या एखाद्या रुग्णाला मोजावी लागू शकते. दुसरीकडे, एका वाईट सत्रामुळे विद्यार्थ्याला बाहेर काढणे हेही अन्यायाचे ठरते. रुग्णाची सुरक्षितता आणि विद्यार्थ्याची संधी या दोहोंचा तोल राखण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयांनी ‘शैक्षणिक परिवीक्षा’ ही व्यवस्था विकसित केली. विद्यार्थ्याला काढून न टाकता, ठराविक मुदतीत, ठराविक अटींवर सुधारण्याची संधी देणे म्हणजे परिवीक्षा होय.

प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे निकष, तिची कार्यपद्धती आणि न्यायालयीन भूमिका यांचे विवेचन केले असून, भारतीय नियमांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. परिवीक्षा वेळेवर, लेखी स्वरूपात आणि साहाय्यासह दिली गेली तरच ती शैक्षणिक उपाय ठरते. अन्यथा ती केवळ लांबणीवर टाकलेली हकालपट्टी असते, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

१. दोन स्वतंत्र मोजपट्ट्या

अमेरिकेतील विद्यार्थ्याची प्रगती एकाच वेळी दोन मोजपट्ट्यांनी मोजली जाते. पहिली मोजपट्टी महाविद्यालयाची स्वतःची, तर दुसरी केंद्र शासनाच्या आर्थिक साहाय्याची. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमानुसार अनुदान वा कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याने ‘समाधानकारक शैक्षणिक प्रगती’ राखणे बंधनकारक आहे. या संबंधीचे सुधारित नियम १ जुलै २०११ पासून अमलात आले.

या नियमांचे तीन घटक आहेत. पहिला घटक गुणवत्तेचा : दोन शैक्षणिक वर्षांहून अधिक कालावधीच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याची सरासरी श्रेणी किमान ‘सी’ किंवा पदवीच्या अटींशी सुसंगत असावी लागते. चार गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘सी’ म्हणजे २.० होय. दुसरा घटक कमाल कालमर्यादेचा : पदवी अभ्यासक्रमाच्या घोषित कालावधीच्या १५० टक्क्यांच्या आत तो पूर्ण व्हावा लागतो. तिसरा घटक गतीचा : घेतलेल्या एकूण श्रेयांकांपैकी किती पूर्ण केले याचे प्रमाण पाहिले जाते. १२० श्रेयांकांच्या पदवीसाठी कमाल १८० श्रेयांक घेता येतात. म्हणून साधारणतः ६७ टक्के गती आवश्यक ठरते. अर्ध्यावर सोडलेला विषयही ‘घेतलेला’ म्हणून मोजला जातो, ही बाब अनेक विद्यार्थ्यांच्या उशिरा लक्षात येते.

परिचर्या महाविद्यालयाची स्वतःची मोजपट्टी याहून कडक असते. अनेक महाविद्यालयांत परिचर्येच्या प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे किमान ‘सी’ मिळवावी लागते, आणि या ‘सी’साठी ७५ टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक गुण अपेक्षित असतात. एका विषयातील अपयश दुसऱ्या विषयातील उत्तम गुणांनी भरून निघत नाही. रुग्णालयीन प्रात्यक्षिकाचा निर्णय बहुधा केवळ ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ असा दिला जातो. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास लेखी परीक्षेतील गुण उपयोगी पडत नाहीत. औषधाच्या मात्रेचे गणित करण्याच्या चाचणीत तर ९० टक्के वा त्याहून अधिक गुणांची अट अनेक ठिकाणी आढळते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते, हे या अटीमागील साधे कारण आहे.

२. ताकीद, अपील आणि परिवीक्षा

केंद्रीय नियमांत ‘ताकीद’ आणि ‘परिवीक्षा’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. प्रत्येक सत्राच्या शेवटी प्रगती तपासणाऱ्या महाविद्यालयात निकष चुकलेल्या विद्यार्थ्याला अपील न करताही एका सत्रापुरती ताकीद देऊन साहाय्य चालू ठेवता येते. त्यानंतरही प्रगती न झाल्यास साहाय्य थांबते. महाविद्यालयाने अपिलाची सोय ठेवली असेल तर विद्यार्थ्याला दाद मागता येते, आणि अपील मान्य झाले तरच तो परिवीक्षेवर येतो.

अपिलात विद्यार्थ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : प्रगती का झाली नाही, आणि आता परिस्थितीत कोणता बदल झाला आहे? नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचे आजारपण वा दुखापत, अथवा अन्य विशेष परिस्थिती ही कारणे ग्राह्य धरली जातात. यातील दुसरा प्रश्न शैक्षणिक दृष्टीने अधिक मोलाचा आहे. कारण तो विद्यार्थ्याला सबबीकडून नियोजनाकडे नेतो. परिवीक्षेची मुदत एका सत्राची असते. तेवढ्यात निकष गाठणे शक्य नसेल तर महाविद्यालय लेखी ‘शैक्षणिक आराखडा’ तयार करते आणि त्यानुसार वाटचाल होत असेपर्यंत साहाय्य चालू राहू शकते.

महाविद्यालयाची शैक्षणिक परिवीक्षा ही याहून स्वतंत्र असते. त्यामुळे एखादा विद्यार्थी महाविद्यालयाच्या दृष्टीने नियमित असूनही साहाय्यास अपात्र ठरू शकतो, किंवा साहाय्यास पात्र असूनही परिचर्या विभागातून बाद होऊ शकतो. दोन्ही नियमावल्या समजावून सांगणारा मार्गदर्शक अध्यापक नसेल तर विद्यार्थी गोंधळून जातो.

३. वेळेचे गणित

परिवीक्षा लवकर देणे का आवश्यक आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. पहिल्या सत्रात १५ श्रेयांक घेतलेल्या विद्यार्थ्याची सरासरी १.६ आली असे मानू. एकूण सरासरी २.० वर नेण्यासाठी त्याला दुसऱ्या सत्रातील १५ श्रेयांकांत २.४ सरासरी मिळवावी लागेल. हे उद्दिष्ट आवाक्यातील आहे. दुसऱ्या एका विद्यार्थ्याची सरासरी ६० श्रेयांकांनंतर १.८ आहे. वरवर पाहता त्याची तूट पहिल्याच्या निम्मीच आहे. परंतु एका सत्रात ती भरून काढण्यासाठी त्याला १५ श्रेयांकांत २.८ सरासरी मिळवावी लागेल. आतापर्यंत ‘सी’च्याही खाली राहिलेल्या विद्यार्थ्याकडून जवळजवळ ‘बी’ दर्जाची अपेक्षा करणे होय ते! तात्पर्य, तूट लहान असली तरी उशीर तिला मोठे करतो. सत्राच्या मध्यावर, पहिल्या चाचणीनंतरच दिलेली सूचना ही वर्षाअखेरच्या पत्रापेक्षा अधिक उपकारक ठरते.

४. न्यायालयांची भूमिका

अध्यापकांच्या शैक्षणिक निर्णयाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठे संरक्षण दिले आहे. १९७८ च्या होरोविट्झ खटल्यात मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय विद्यार्थिनीला लेखी परीक्षांत उत्तम गुण असूनही रुग्णालयीन कामातील उणिवांमुळे प्रथम परिवीक्षेवर ठेवून नंतर काढण्यात आले होते. तत्पूर्वी सात चिकित्सकांकडून तिचे स्वतंत्र मूल्यमापन करवून घेण्यात आले. दोघांनी तिला वेळेवर पदवी द्यावी, दोघांनी तत्काळ काढावे, तर तिघांनी पदवी पुढे ढकलून परिवीक्षा चालू ठेवावी असे मत दिले. न्यायालयाने असा निर्णय दिला की, विद्यार्थिनीला उणिवांची पुरेशी कल्पना दिलेली होती आणि निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. म्हणून औपचारिक सुनावणीची आवश्यकता नाही. १९८५ च्या युइंग खटल्यातही, मान्य शैक्षणिक प्रथांपासून मोठी फारकत झाल्याखेरीज न्यायालयाने अध्यापकांच्या निर्णयात हस्तक्षेप करू नये, ही भूमिका कायम राहिली.

हे संरक्षण जेवढे व्यापक, तेवढीच अध्यापकांची जबाबदारी मोठी. सात तज्ज्ञांची तीन मते पडली, यावरून रुग्णालयीन मूल्यमापन किती अवघड असते हे दिसून येते. म्हणूनच प्रात्यक्षिकातील उणिवा तारखेसह, घटनेसह आणि अपेक्षित वर्तनासह नोंदविणे अगत्याचे आहे. ‘आत्मविश्वास कमी’ या शेऱ्यापेक्षा ‘औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख पडताळली नाही’ ही नोंद विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते आणि रुग्णाचेही रक्षण करते.

५. निकालाचा दबाव

परिवीक्षेच्या धोरणामागे आणखी एक शक्ती कार्यरत असते. पदवीनंतर ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज परिचारिका म्हणून काम करता येत नाही. प्रथमच परीक्षा देणाऱ्यांच्या निकालावर महाविद्यालयाची मान्यता अंशतः अवलंबून असते; कॅलिफोर्नियात ७५ टक्के, तर टेक्सासमध्ये ८० टक्के निकाल अपेक्षित धरला जातो. साहजिकच दुर्बल विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वीच गाळण्याचा मोह संस्थेला होऊ शकतो. परिवीक्षा विद्यार्थ्याला सावरण्यासाठी आहे की संस्थेचा निकाल सावरण्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक अध्यापक मंडळाने स्वतःला विचारला पाहिजे. परिवीक्षेवरील किती विद्यार्थी पुढे पदवीधर झाले याची नोंद ठेवल्यास त्याचे उत्तर मिळू शकते.

६. भारतीय नियमांचा संदर्भ

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या सुधारित नियमांत आठ सत्रांची श्रेयांक पद्धती स्वीकारण्यात आली. इंग्रजी व ऐच्छिक विषयांसाठी ४० टक्क्यांची सवलत ठेवून, अन्य विषयांत लेखी व प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे ५० टक्के गुण, ८० टक्के उपस्थिती, आणि कमाल आठ वर्षांचा कालावधी अशा अटी त्यात आहेत. पाचव्या व सातव्या सत्राच्या परीक्षेपूर्वी आधीच्या सर्व परीक्षा उत्तीर्ण असणेही आवश्यक ठरविण्यात आले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमास आठ वर्षे म्हणजे २०० टक्के मुदत. या दृष्टीने भारतीय नियम अमेरिकेच्या १५० टक्क्यांपेक्षा उदार आहेत. परंतु ही रचना प्रामुख्याने परीक्षेच्या दारावर अडविणारी आहे. दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी विद्यार्थ्याला सावध करून लेखी आराखडा हाती देणारा टप्पा महाविद्यालयानेच निर्माण करावा लागतो. त्यासाठी नव्या नियमाची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांचा वेळीच उपयोग करण्याची इच्छा पुरेशी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रगतीचे निकष प्रवेशाच्या वेळीच लेखी व सुबोध भाषेत दिले जावेत. पहिली सूचना सत्राच्या मध्यापूर्वी मिळावी. प्रत्येक परिवीक्षेसोबत आराखडा, मुदत आणि जबाबदार अध्यापक निश्चित असावा. प्रात्यक्षिकातील नोंदी घटनानिष्ठ असाव्यात. एवढे करूनही प्रगती न झाल्यास विद्यार्थ्याला थांबविण्याचा निर्णय अध्यापकांनी निःसंकोचपणे घ्यावा. कारण रुग्णशय्येवरील अनोळखी व्यक्तीही त्यांच्या विश्वासावरच विसंबून असते. संधी पूर्ण दिली गेली असेल, तरच नकार देण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो.